उलार गाडी आणि फिरते घर

बैलगाडी भरताना जाणता गाडीवान दोन गोष्टी पाहतो. ओझे मागे जास्त झाले तर गाडी ‘उलार’ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास बसू लागतो. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी ‘धुरजड’ होते आणि सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. म्हणून तो ओझे आसाच्या दोन्ही बाजूंना तोलून ठेवतो, पण किंचित पुढे झुकते. हे ज्ञान पुस्तकातले नाही. चुकीची शिक्षा लगेच मिळत असल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

विसाव्या शतकात माणसाने बैलांच्या जागी मोटार जोडली आणि गाडीच्या जागी आख्खे घर. आता चुकीची शिक्षा लगेच मिळेनाशी झाली. ताशी ४० किलोमीटरला उलार गाडीही निमूटपणे मागे येते, ती बिथरते ताशी ९० किलोमीटरला. सुट्टीच्या प्रवासाला निघालेली कुटुंबे त्यामुळे रस्त्यावर उलटली. दोष बहुधा चालकाला दिला गेला. खरे कारण समजायला गणित, टायरचा अभ्यास आणि बरीच वर्षे लागली. तो इतिहास येथे पाहू.

घोड्यांपासून मोटारीपर्यंत

केवळ हौसेखातर फिरते घर बांधून घेणाऱ्यांत पहिले नाव घेतले जाते ते डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे. ते ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक होते. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची सुमारे दोन टन वजनाची गाडी करून घेतली आणि इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीला दोन घोडे होते. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सावध करी. घोड्यांच्या वेगाला एवढी सुरक्षा-व्यवस्था पुरत होती.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘एकल्स’ या कंपनीने मोटारीने ओढायच्या कॅरॅव्हॅन बांधायला सुरुवात केली. अमेरिकेत १९२९ साली डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन सुट्टीवर गेले असताना त्यांचा घडीचा तंबू-ट्रेलर ऐन पावसात उघडेना. वैतागून त्यांनी चार भिंती आणि छप्पर असलेली साधी पेटी चाकांवर बसवली. लोक ती पाहायला येऊ लागले आणि त्यातून ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी उभी राहिली. १९३० च्या दशकात मंदी असूनही ट्रेलरचा धंदा इतका फोफावला, की रॉजर बॅब्सन या अर्थ-भाष्यकाराने वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल असे भाकीत केले. ते खोटे ठरले, पण त्या काळच्या उत्साहाची कल्पना त्यावरून येते.

या गर्दीत एक नाव वेगळे होते. ग्लेन कर्टिस हे विमानविद्येतील आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘एअरोकार’ नावाचा ट्रेलर तयार केला. इतरांचे ट्रेलर मोटारीच्या मागच्या बंपरजवळ जोडलेले असत. कर्टिस यांनी जोडणी पुढे नेली आणि ती जवळजवळ मोटारीच्या मागच्या आसावर आणली. धक्के शोषण्यासाठी त्यांनी तेथे हवा भरलेले विमानाचे चाक आडवे बसवले. प्रवास सुखाचा व्हावा हा त्यांचा हेतू होता. परंतु जोडणीच्या या जागेत स्थैर्याचेही एक मोठे रहस्य होते. त्याकडे पुढे येऊ.

शेपूट कुत्र्याला हलवते

मोटारीला मागे जोडलेल्या, एकाच आसाच्या ट्रेलरचा विचार करू. वाऱ्याचा झोत, रस्त्यातला खड्डा किंवा बाजूने वेगाने गेलेला ट्रक यांमुळे ट्रेलरचा मागचा भाग थोडा डावीकडे सरकतो. मग तो मध्यावर येतो, उजवीकडे जातो, पुन्हा परततो. अशा एका हेलकाव्याला साधारण दीड ते दोन सेकंद लागतात. कमी वेगात दोन-तीन हेलकाव्यांत सारे शांत होते. वेग वाढला की शांत व्हायला अधिक वेळ लागतो. पुढे एक असा वेग येतो की हेलकावे शांतही होत नाहीत आणि वाढतही नाहीत. त्याला क्रांतिक वेग म्हणू. त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. काही सेकंदांत ट्रेलर मोटारीलाच डावी-उजवीकडे फेकू लागतो. शेवटी ट्रेलर उलटतो, किंवा मोटार आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे एकमेकांवर मिटतात.

असे का व्हावे? उत्तर टायरमध्ये आहे. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो नेमका त्याच दिशेने तो जातो, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. रबर लवचिक असल्यामुळे बाजूने बल लागले की टायर थोडा तिरका जातो आणि त्या तिरकेपणाच्या प्रमाणात रस्ता त्याला विरुद्ध बाजूचे बल देतो. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए यांनी १९२५ साली पुढच्या चाकांच्या थरथरीचा अभ्यास करताना हा तिरकेपणा ओळखला. त्याच्याशिवाय मोटारीच्या स्थैर्याचा हिशेब मांडताच येत नाही.

आता एक सोपा हिशेब करू. समजा ट्रेलरची चाके हेलकाव्यात सेकंदाला १ मीटर वेगाने बाजूला सरकत आहेत. गाडीचा पुढचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर टायरचा तिरकेपणा १/१०, म्हणजे सुमारे ६ अंश होईल. गाडीचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर असेल, तर तोच तिरकेपणा १/२५, म्हणजे सुमारे सव्वादोन अंश होईल. बाजूला सरकण्याला विरोध करणारे बल या तिरकेपणावर अवलंबून असल्यामुळे तेही त्याच प्रमाणात घटते. हेलकावे मारून टाकणाऱ्या या विरोधाला अवमंदन म्हणतात. वेग अडीचपट झाला की अवमंदन अडीचपट कमी होते. ट्रेलरला मध्यावर परत आणणारे बल मात्र वेगाने फारसे बदलत नाही. म्हणून हेलकाव्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, पण तो थांबवणारा ब्रेक सैल होत जातो.

एवढ्यावर थांबलो तर अवमंदन कमी होईल, पण शून्याखाली जाणार नाही. ते काम जोडणी करते. जोडणी मोटारीच्या मागच्या आसाच्याही बरीच मागे असते. ट्रेलरने हिसका दिला की मोटारीची शेपटी हलते. मोटार किंचित वळते आणि पुढच्या हेलकाव्याला उशिरा पण नेमके पोषक असे ढकलते. ही देवाणघेवाण उरलेसुरले अवमंदन खाऊन टाकते. कर्टिस यांची आसावर आणलेली जोडणी नेमकी हीच वाट बंद करते, कारण आसावर दिलेला हिसका मोटारीला फारसा वळवू शकत नाही. आजही मोठ्या ट्रेलरसाठी ही रचना वापरतात.

वाढत्या हेलकाव्यांना ऊर्जा कोठून मिळते, असे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. बाहेरून कोणी तालात धक्के देत नाही, त्यामुळे हे झोपाळ्यासारखे अनुनादाचे उदाहरण नाही. ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतूनच येते. हेलकावाच ती काढून घेतो आणि स्वतःला पोसतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेला अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूलही असाच, स्थिर वाहणाऱ्या वाऱ्यातून ऊर्जा घेऊन पिळवटत गेला. पाठ्यपुस्तकांत तो बरेचदा अनुनादाचे उदाहरण म्हणून दिलेला आढळतो, म्हणून हा भेद वर्गात स्पष्ट करणे इष्ट ठरेल.

गणित तयार होते

गंमत अशी, की या प्रश्नाला लागणारे गणित मोटारीच्या आधीच तयार होते. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वाफेच्या इंजिनाचा वेग नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर निबंध लिहिला. ते यंत्र कधी स्थिर राहते आणि कधी वेडेवाकडे डोलू लागते, हा त्यांचा प्रश्न होता. एडवर्ड राउथ यांनी १८७७ साली गतीच्या स्थैर्याची सर्वसाधारण कसोटी दिली. समीकरण पूर्ण न सोडवताही, त्यातील सहगुणकांवरून आंदोलने विरतील की वाढतील हे त्यांच्या कसोटीने सांगता येते. रेल्वेच्या डब्यांची नागमोडी चाल सांगण्यासाठी एफ. डब्ल्यू. कार्टर यांनी १९१६ मध्ये याच वाटेचा उपयोग केला. ट्रेलर हा या कुळातला आणखी एक सदस्य होता, पण तिकडे कोणी वळले नव्हते.

ते काम १९३० च्या दशकात जर्मन भाषेत झाले. १९३७ साली हूबर आणि डीट्झ यांनी जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात मालमोटारींच्या ट्रेलरचे हेलकावे आणि ते टाळण्याचे उपाय यांवर लेख प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी हान्स झीग्लर या तरुण स्विस यामिकी-तज्ज्ञाने आडव्या हेलकाव्यांवर ब्रेक आणि रस्त्याचा चढ यांचा काय परिणाम होतो, या प्रश्नाला गणिताने हात घातला.

झीग्लर यांचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवून एका टोकाने ओढल्या तर त्या सरळ रेषेत येतात. ढकलल्या तर मिटतात. मोटार ट्रेलरला ओढत असते तोवर जोडणीत ताण असतो. मोटारीने ब्रेक लावला, किंवा उतार लागला आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले, की ट्रेलर मोटारीला ढकलू लागतो. ताणाची जागा दाब घेतो आणि स्थैर्य घटते. उलट फक्त ट्रेलरचेच ब्रेक लागले तर जोडणी ताणली जाते आणि रांग सरळ होते. म्हणूनच ज्या गाड्यांत ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावण्याची सोय असते तेथे हेलकावे सुरू झाल्यावर तेवढेच ब्रेक हलके लावायला सांगतात.

हेच झीग्लर १९५२ साली आणखी एका निष्कर्षासाठी प्रसिद्ध झाले. जोडलेल्या दोन दांड्यांच्या एका रचनेवर, दांडीच्या दिशेबरोबर स्वतःही दिशा बदलणारे बल लावले असता त्यांना असे आढळले, की थोडेसे अवमंदन घातल्यावर ती रचना अधिक लवकर अस्थिर होते! घर्षण वाढवले की हेलकावे थांबतातच, या सर्वमान्य समजुतीला हा धक्का होता. हा निष्कर्ष आजही ‘झीग्लरचा विरोधाभास’ म्हणून शिकवला जातो.

वेग वाढला, समज मागे राहिली

दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद, सरळ महामार्ग झाले आणि मोटारींची शक्ती वाढली. पूर्वी ट्रेलर ओढणारी मोटार क्रांतिक वेगापर्यंत पोहोचतच नसे. आता ती सहज पोहोचू लागली. रस्ते सुधारले आणि त्याबरोबर एक जुना दोष उघडा पडला.

लोकांच्या मनात मात्र ट्रेलर ही मौजेची वस्तू होती. १९५४ सालच्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या अमेरिकन विनोदी चित्रपटात नवविवाहित नायिका प्रवासाची आठवण म्हणून ठिकठिकाणचे दगड गोळा करते आणि नवऱ्याला न सांगता ट्रेलरमध्ये साठवते. पुढे डोंगरातल्या रस्त्यावर दोघांचा जीव टांगणीला लागतो. प्रेक्षक हसले, पण त्या कथेतील भौतिकशास्त्र अगदी खरे होते.

१९६७ साली जनरल मोटर्सचे आर. टी. बंडॉर्फ यांनी मोटार आणि प्रवासी ट्रेलर या जोडीच्या नियंत्रणावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या जोडीचे बाजूचे स्थैर्य कसे मोजावे याची आंतरराष्ट्रीय मानक-पद्धत १९९२ मध्ये आली. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात जॉस डार्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वजन आणि आस हवे तेथे हलवता येईल असा ट्रेलर बांधून प्रत्यक्ष रस्त्यावरील वेगात प्रयोग केले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. ट्रेलरचे एकूण वजन हाच मुख्य धोका असे सगळे समजत होते. प्रयोगांत असे दिसले, की नुसत्या वजनाने अतिवेगातील स्थैर्यावर फार फरक पडत नाही. वजन कोठे ठेवले आहे, जोडणीवर किती भार येतो आणि आस कोठे आहे, या गोष्टी निर्णायक ठरतात.

‘कोठे ठेवले’ याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांनाही करता येईल. वस्तूला आडवे फिरवण्यास होणारा विरोध हा वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग असतो. प्रत्येकी ५० किलोच्या दोन पेट्या ट्रेलरच्या मध्यापासून २ मीटरवर, एक पुढे व एक मागे ठेवल्या, तर हा विरोध ५० × ४ × २ = ४०० एकक. त्याच पेट्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर आणल्या तर ५० × ०.२५ × २ = २५ एकक. म्हणजे सोळापट फरक. वजनकाट्यावर दोन्ही ट्रेलर सारखेच, पण हेलकावा सुरू झाल्यावर तो थांबवणे पहिल्यात कितीतरी अवघड. शिवाय भार मागे झुकला, म्हणजे ट्रेलर उलार झाला, तर धोका आणखी वाढतो. म्हणून जड सामान आसाजवळ, खाली आणि किंचित पुढे ठेवावे, असे ट्रेलरबरोबरच्या पुस्तिकांत छापलेले असते. आपला गाडीवान हेच करत आला आहे.

चालकाचा दोष किती?

अपघातानंतर ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे लिहिले जाते. हे वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. हेलकावा सुरू झाला की चालक सहजप्रेरणेने उलट दिशेला सुकाणू फिरवतो. त्याला प्रतिसाद द्यायला पाऊण-एक सेकंद लागतो. तेवढ्यात हेलकाव्याचा अर्धा फेरा पूर्ण झालेला असतो. त्यामुळे विरोध करायला लावलेला जोर प्रत्यक्षात हेलकाव्याच्याच दिशेने लागतो.

याचा पडताळा वर्गात घेता येतो. १ मीटर लांब दोरीला दगड बांधून लंबक करावा. त्याचा आंदोलनकाल सुमारे २ सेकंद, म्हणजे साधारण कॅरॅव्हॅनच्या हेलकाव्याइतकाच असतो. एका मुलाचे डोळे बांधून त्याला लंबकाशेजारी उभे करावे. दुसऱ्याने लंबक मध्यातून जाताना त्याच्या उलट दिशा पुकारावी, म्हणजे लंबक उजवीकडे चालला असेल तर ‘डावीकडे’. पहिल्याने मनात ‘एक सहस्र एक’ म्हणून मगच त्या दिशेला बोटाने हलका धक्का द्यावा. हेतू लंबक थांबवण्याचा, पण प्रत्यक्षात झोके मोठे होतात. मग नुसते हात मागे घेऊन पाहावे. लंबक हळूहळू आपोआप शांत होतो. चालकालाही हेच शिकवतात: सुकाणू सरळ घट्ट धरा, त्याच्याशी झगडू नका, पाय वेगवर्धकावरून काढा आणि गाडीचा वेग क्रांतिक वेगाच्या खाली येऊ द्या. वेग वाढवून ट्रेलर ‘ताणून’ सरळ करण्याचा सल्ला ऐकिवात येतो. वर सांगितलेल्या कारणामुळे तो घातक आहे.

माणसाचा हा उशीर यंत्राला नसतो. १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण बाजारात आणले. त्यातील संवेदक मोटारीचे वळणे सतत मोजतात आणि संगणक एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावतो. पुढे त्यातच ट्रेलरचे हेलकावे ओळखून ते मोडण्याची सोय झाली. जर्मनीत ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटरची सर्वसाधारण मर्यादा आहे. १९९८ पासून योग्य वजन-गुणोत्तर, नवे टायर अशा अटी पाळणाऱ्यांना १०० ची मुभा मिळाली. म्हणजे वेगमर्यादेतच स्थैर्याचे गणित उतरले.

आपल्याकडे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. परंतु आपल्या रस्त्यांवरचा खरा ट्रेलर म्हणजे गळिताच्या हंगामात उसाने लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, बहुधा एकामागे एक अशा दोन. ट्रॅक्टरचा वेग कमी असल्यामुळे वाढत्या हेलकाव्यांचा प्रश्न तेथे क्वचितच येतो. झीग्लर यांचा दुसरा प्रश्न मात्र रोज येतो. घाटाच्या उतारावर ब्रेक नसलेल्या दोन भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात, तेव्हा टेबलावरच्या त्या दोन पट्ट्याच रस्त्यावर मिटत असतात. रात्री मागचा दिवा किंवा परावर्तक नसणे हा वेगळा, पण तितकाच जीवघेणा दोष. ग्रामीण भागातील शिक्षकांच्या वर्गात ही ट्रॉली चालवणाऱ्यांची मुले असतात. बिजागरीच्या दोन पट्ट्या, एक लंबक आणि सोळापटीचा तो हिशेब त्यांच्या घरापर्यंत पोहोचू शकतो.

या इतिहासात स्टेबल्स यांच्या घोड्यांपासून संगणकी ब्रेकपर्यंत सव्वाशे वर्षे मोडतात. ‘गाडी कोण चालवत होते?’ हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर विचारला गेला. ‘गाडी कशी भरली होती, कोठे जोडली होती आणि किती वेगात होती?’ हा प्रश्न विचारला गेला तेव्हाच उपाय सापडले. विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातील अपघाताची बातमी वाचताना हा दुसरा प्रश्न विचारायला शिकावे. त्याची उत्तरे मोजता येतात आणि बदलताही येतात.